इंदूच्या लेथवरचा फाल्गुन

फाल्गुन लागला की दुपारच्या उन्हाला एक कोरडा वास येतो. कापलेल्या ज्वारीच्या धाटांचा, तापलेल्या मातीचा, कुठंतरी लांब पेटवलेल्या पाचटाचा. आता यवतच्या आजूबाजूला ज्वारी कमीच राहिली. बघावं तिकडे ऊस. तरी मुलाच्या घराच्या गच्चीवर पापड वाळत घालताना एखादी झुळूक येते आणि मी हातातलं काम सोडून तशीच उभी राहते. सून खालून हाक मारते, "आई, ऊन लागतंय, या की खाली." तिला काय सांगू? त्या झुळकीत मला पेट्रोलचा वास येतो. तो माझ्या बाविशीतल्या एका फाल्गुनातला आहे. इतक्या वर्षांत कितीतरी साड्या धुतल्या, फाटल्या, बोहारणीला दिल्या. वास मात्र राहिला तो राहिलाच.

त्या वर्षी मी नवीनच नर्स झाले होते. दौंडला रेल्वेलाइनीपलीकडे आमची बौद्धवस्ती. वडील रेल्वेत गँगमन. वस्तीतून पांढरी साडी नेसून नोकरीला निघालेली मी पहिलीच, म्हणून मला एस.टी.त बसवायला अर्धी वस्ती आली होती. नेमणूक मिळाली ती शिरूर तालुक्यात, भीमेच्या पलीकडच्या एका आरोग्य केंद्रात. तिथं काळी माती होती आणि माझ्या साड्या पांढऱ्या. पहिल्या आठवड्यातच मी पांढऱ्या रंगाची आशा सोडली.

केंद्राला एक जुनी जीप होती. मिलिटरीनं काढून टाकलेली, कुणाकुणाच्या हातून फिरत आलेली. रस्ते असे नव्हतेच. बैलगाडीच्या चाकोऱ्या, ओढे, नांगरलेली रानं, नदीतली वाळू. जीप त्यातून बकरीसारखी चढायची, उतरायची. चालवायला गणपतमामा. मूळचे केंदूरचे, पिकल्या मिशांचे, बोलायला तुटक. गाडीवर त्यांचा जीव होता, पण तो ते शिव्या देऊनच दाखवायचे.

त्या जीपचा एकच रोग होता. टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल नेणाऱ्या नळीवर एक पितळेचा कॉक होता. घरातल्या नळाला तोटी असते तसाच. फिरवला की बंद, पुन्हा फिरवला की चालू. तो आतून झिजला होता आणि गळायचा. मामा ओल्या साबणाचा लगदा करून त्यावर थापायचे. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, हे मी त्यांच्याकडून शिकले. पण दोन ओढे ओलांडले की साबण हादऱ्यांनी निखळून पडायचा आणि थेंब पुन्हा सुरू. गाडी उभी राहिली की खाली पत्र्याचा डबा. मी सुया उकळायला स्टो पेटवायची तो गाडीपासून लांब, बांधापलीकडे. कुणी विडी ओढत जवळ आला की मामा ओरडायचे, "ए बाबा, जळायचं आसंल तर तिकडं जाऊन जळ!"

लोक हसायचे. मला मात्र हसू यायचं नाही. मागच्या बाकावर कधी पोटुशी बाई असायची, कधी तापानं फणफणलेलं पोर. साडीला, केसांना, हातांना तो वास. नव्या जन्मलेल्या बाळाला उचलून घेतलं की त्याच्या दुपट्यालाही लागायचा. एक ठिणगी उडाली तर, हा विचार मी झोपेतसुद्धा करायची.

"नवा का नाही बसवत, मामा?"

"नवा कुठं मिळतुय? पुण्यात समदी दुकानं पालथी घातली. ह्या गाडीचा माल बनवायचा कवाच बंद झालाय म्हनत्यात."

शेवटी एका बाजाराच्या दिवशी लशी आणायला शिरूरला गेलो, तेव्हा मामांनी जीप बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत घातली. पत्र्याच्या शेडमध्ये लोखंड-पितळ कातायच्या लेथचा आवाज येत होता. दाराशी बाजेवर एक म्हातारे बसले होते. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, बुबुळं दुधाळ झालेली. मामांनी सांगितलं, हे आप्पा. पंचक्रोशीतल्या इंजिनांची, मोटरींची, ट्रॅक्टरांची मोडलेली कामं यांच्या हातून गेलेली.

"पण यांना तर दिसत नाही," मी हळूच म्हणाले.

आप्पांचे कान तिखट. "मला न्हाई दिसत, पर माझ्या सुनंला दिसतंय," ते म्हणाले आणि हसले.

तेव्हा मी शेडमध्ये नीट पाहिलं. लेथवर एक बाई उभी होती. नऊवारीचा काष्टा घट्ट, पदर कमरेला खोचलेला, केस फडक्यात बांधलेले. माझ्याच वयाची. तिनं पट्टा सरकवून लेथ थांबवला आणि आमच्याकडे बघून विचारलं, "काय गळतंय?"

ती इंदू.

तिचा नवरा पिंपरीला कंपनीत कामाला होता. शनिवारी यायचा, सोमवारी जायचा. इंदू लग्न होऊन आली तेव्हाच आप्पांची नजर जवळजवळ गेली होती. शेड बंद करायची वेळ आली, तेव्हा ही पोरगी म्हणाली की तुम्ही तोंडानं सांगा, मी हातानं करते. पहिल्यांदा सासरे रागावले म्हणे. मग एक दिवस त्यांनी तिच्या हातात कानस दिली. लोक बघायला यायचे, बाई लेथ चालवते म्हणून. बघून झाल्यावर काम मात्र दुसरीकडे घेऊन जायचे.

तिनं जीपखाली पोतं अंथरलं, सरळ आत शिरली, कॉक सोडवून आणला आणि आप्पांच्या तळहातावर ठेवला. म्हाताऱ्यानं अंगठ्यानं त्याची भोकं, कडा चाचपल्या. आतला दट्ट्या निमुळता होता, बाटलीच्या बुचासारखा. तो ज्या घरात बसतो ते घरही झिजलेलं.

"दट्ट्या नवा करावा लागंल," आप्पा म्हणाले. "पितळंचा बार यायचाय पुन्यावनं. तवर तात्पुरतं वायसर घाल. बुचाचं घाल बरं का."

इंदूनं मान हलवली. तासाभरानं कॉक बसला आणि थेंब थांबला. चहा आला. चौघांत तीन कपबशा, सगळ्या सारख्या. ज्या गावांतून मी फिरायची तिथं काही घरं मला ओंजळीत पाणी द्यायची, वरून. म्हणून असल्या गोष्टी माझ्या लगेच ध्यानात येत. इंदूनं तिचाच कप आधी माझ्या हातात दिला आणि बशीत सांडलेला चहा स्वतः प्यायली.

पुढचे काही दिवस सोन्यासारखे गेले. ज्वारीची काढणी चालली होती. रानातून जाताना बाया ताट वाकवून कणसं खुडताना दिसायच्या, खळ्यांवर मळणी, उन्हात उडणारा भुसा. मामा गाडी चालवताना चक्क गुणगुणायचे. मी साडी हुंगून बघायची. नुसत्या उन्हाचा वास.

आणि मग वडगाव रासाईहून निरोप आला. सगुणा नावाची पहिलटकरीण अडली होती. आदल्या दिवसापासून कळा, सुईणीनं हात टेकलेले. मी तपासलं आणि कळलं की दौंडच्या दवाखान्यात न्यायलाच हवं. जवळची वाट नदीतून. फाल्गुनात भीमेचं पाणी एका कडेला सरलेलं असतं आणि बाकी पात्रात नुसती वाळू, तिच्यात कलिंगडाच्या वाड्या. पलीकडे चढलं की यवतची सडक. सगुणाला मागच्या बाकावर निजवलं, तिची आई उशाशी, मी पायाशी. उन्हानं वाळू पांढरी झाली होती.

पात्राच्या मधोमध जीपनं आचके दिले आणि ती थांबली.

मामांनी चावी फिरवली. पुन्हा फिरवली. उतरले, वाकून बघितलं. "पेट्रोल पुढं येत न्हाई," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता.

सगुणानं माझा हात घट्ट धरला. "शिस्टर, मी मरती का वो?"

"नाही मरत," मी म्हणाले. खात्री नव्हती, पण आवाजात मी ती आणली.

कलिंगडवाल्यांची एक खोप होती, तुराट्यांची, वरून ज्वारीची धाटं घातलेली. त्या लोकांनी कलिंगडं बाजूला लोटून जागा केली. तिथं वाळूवर, गोधडी अंथरून, सगुणाला मी निजवलं. त्या घराची बाई पाणी तापवायला लागली. मला आजही ती खोप दिसते. धाटांमधून पडणारे उन्हाचे तुकडे, फुटलेल्या कलिंगडाचा गोड वास, बाहेर मामांच्या पान्याचे ठोके आणि आत सगुणाचं कण्हणं. जीपच्या हादऱ्यांनी म्हणा, भीतीनं म्हणा, अडलेलं मूल खाली सरकलं होतं. मुलगी झाली. निळसर आणि गप्प. मी तिच्या तोंडातला चिकटा बोटानं काढला, पाठ चोळली, तळपायांवर टिचक्या मारल्या. सगुणाची आई आधीच रडायला लागली होती. मी चोळत राहिले. मग त्या एवढ्याशा छातीत काहीतरी उचकलं आणि पोरगी रडली. बाहेरचे ठोके थांबले. मामांनी बाहेरूनच विचारलं, "हाय ना?"

"आहे!" मी ओरडले.

पण सगुणाचं रक्त थांबत नव्हतं. इंजेक्शन दिलं, पोटावरून चोळत राहिले. वाहणं कमी झालं, पण थांबलं नाही. तिचे ओठ पांढरे पडत चालले होते. मामांना मी म्हणाले, "मामा, गाडी चालू झालीच पाहिजे."

त्यांनी कॉक पूर्ण उघडला होता. आतून फुगलेल्या, चिकट झालेल्या रबराचा गोळा निघाला. त्यानं भोकच बुजवलं होतं. माझ्या केसातला आकडा मागून त्यांनी आतला चिकटा खरवडून काढला, तोंडानं फुंकर मारली, कॉक तसाच बसवला, वर साबण थापला. गाडी सुरू झाली. पेट्रोल टपटपत होतं, सगुणाचं रक्त टपटपत होतं, आणि मी एका हातानं तिचं पोट दाबून, दुसऱ्या हातानं बाळाला छातीशी धरून दौंडपर्यंत बसले. दवाखान्यात तिला माझ्या वडिलांचं रक्त चढलं. मी घरी निरोप धाडला होता. ते कामावरून तसेच, धुळीच्या कपड्यांनी आले. सगुणा वाचली.

परतताना यवत मागं पडलं. मग मामा म्हणाले, "बाईच्या हातचं काम. माझीच चूक."

मला राग आला. पण तो कुणावर काढावा हे कळेना, कारण रबर तर इंदूनंच घातलं होतं.

असल्या बातम्यांना पाय असतात. पुढच्या बाजाराच्या आतच शिरूरला सगळीकडे झालं की आप्पांच्या सुनेच्या कामानं बाळंतीण मरायला टेकली होती. मी गेले तेव्हा शेडचं दार लोटलेलं. लेथवर गोणपाट टाकलेलं. इंदू आत जमिनीवर बसली होती. मला बघून उभी राहिली.

"ताई, ती वाचली न्हवं?"

"वाचली. दोघीही."

ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून रडली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "आप्पांनी बूच घाल म्हनलं व्हतं. बूच घावंना. म्या सायकलच्या ट्यूबचं रबर कापून घातलं. आप्पांना दिसत न्हाई, म्हून बोलली न्हाई. ठावं नव्हतं ताई मला, रबर आसं फुगतंय."

"मग आप्पा काय म्हणाले?"

तिनं कोपऱ्यातली वाटी दाखवली. आप्पांनी तिला वाटीत पेट्रोल घ्यायला लावलं होतं. त्यात एक रबराचा तुकडा, आणि कुठूनशा आणलेल्या जुन्या बुचाचा एक. दुसऱ्या दिवशी दोन्ही तिच्या हातात दिले. रबर फुगून लिबलिबीत झालं होतं. बूच होतं तसंच होतं. आप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की आता हे तुझ्या बोटांना कळलं, मी सांगून कळलं नसतं.

"आन् तरीबी माझा हात उचलंना," इंदू म्हणाली. "लेथापशी उभी ऱ्हायली की ती बाईच दिसती."

"तू तिला पाहिलेलंसुद्धा नाहीस."

"तेच तर."

मी तिला म्हणाले, चल. एस.टी.नं निघालो, फाट्यावर उतरून वडगाव रासाईपर्यंत चालत गेलो. सगुणा दवाखान्यातून माहेरी परतली होती, ओसरीवर शेकत बसलेली, अजून फिकी. मी सांगितलं, ही इंदू, शिरूरची.

सगुणानं तिच्याकडे बराच वेळ बघितलं. "तू व्हय ती लेथावरची?"

इंदूनं मान खाली घातली.

"तुझं वायसर बिघडलं," सगुणा म्हणाली. तिच्या आवाजात राग होता आणि तो तिनं लपवला नाही. "म्या लई घाबरली व्हती गं. वाळूत मरती का काय, वाटलं."

"व्हय," इंदू म्हणाली. एवढंच.

आत पोरगी रडली. सगुणाला उठवेना. तिनं थोडा वेळ वाट बघितली, मग इंदूलाच म्हणाली, "आन की तिला. बसलीयास काय?" इंदू आत गेली आणि मुलीला पदरात गुंडाळून घेऊन आली. पोरगी तिच्याकडे बघत गप्प झाली. सगुणानं तिला लगेच मागितलं नाही. उन्हं कलेपर्यंत पोर इंदूच्याच मांडीवर होतं. निघताना सगुणा म्हणाली, "ती गाडी पुना आमच्या गावात येनारच हाय. मला न्हाई तर दुसरीला न्यायला. नीट कर बाई आता."

माणसं क्षमा करतात ती अशीच, कामाला लावून. मी पुढं पुष्कळ मोठमोठ्या शब्दांतल्या क्षमा ऐकल्या. त्यांतली एकही मला एवढी खरी वाटली नाही.

मग आमचे ते दिवस सुरू झाले, ज्यांच्यासाठी हा फाल्गुन मला दरवर्षी बोलावतो. पुण्याहून पितळेचा बार आला. केंद्रातल्या औषधाच्या बाटल्यांची रिकामी बुचं मी डॉक्टरांना विचारून रुमालात बांधून नेली. इंदूनं त्यातली बारीक छिद्रांची निवडली, वस्तऱ्यानं चकत्या कापल्या, तेलात भिजत घातल्या. लेथवर पितळेचा नवा दट्ट्या उतरू लागला. पिवळी जर्द वेटोळी निघून जमिनीवर पडायची, उन्हाची तिरीप आली की शेडभर चमचम. पहिला दट्ट्या तिनं स्वतःच फेकून दिला. दुसरा आप्पांनी बोटानं चाचपून परत दिला. तिसऱ्याला तिनं घासायची पेस्ट लावली आणि जुन्या घरात बसवून तो हातानं फिरवत राहिली, मागं-पुढं, मागं-पुढं. मध्येच काढायची, पुसायची, कुठं चमकतंय कुठं नाही ते बघायची, पुन्हा फिरवायची. आप्पा बाजेवरून नुसता आवाज ऐकत. "अजून खरखरतंय," म्हणत. आणि मग एकदा: "आता बोलंना झाला. काढ."

गणपतमामा आले ते माझ्या आग्रहानं, तोंड फिरवून बसले. इंदूनं कॉक एका डब्याच्या बुडाला जोडला, डबा पेट्रोलनं भरला, खाली वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेचा कागद ठेवला. आम्ही सगळे त्या कागदाकडे बघत बसलो. आप्पासुद्धा, ज्यांना दिसत नव्हतं. चहा झाला, गप्पा झाल्या, बाजार उठायची वेळ झाली. कागद कोरडा. शेवटी मामा उठले, कॉकच्या बुडावरून बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं.

"वास न्हाई," ते म्हणाले. मग जरा थांबून, इंदूकडे न बघता, "बसव पोरी गाडीला."

पोरी म्हणाले. इंदूनं ते ऐकलं आणि पाना उचलला.

त्या जीपनं पुढं किती बाया नेल्या-आणल्या. केंदूरहून मामांच्या चुलतभावाचा ट्रॅक्टर आला, मग उसाच्या रानातल्या जुन्या जीपगाड्या, मोटरसायकली. ज्यांचा माल बाजारात मिळेनासा झाला होता अशा गाड्यांचे लोक "लेथवाल्या बाई कुठं राहत्यात?" विचारत गल्लीत शिरू लागले. माझी बदली झाली, लग्न झालं, मुलं झाली. इंदूची आणि माझी पत्रं कधी फारशी झाली नाहीत. तिला लिहायचा कंटाळा आणि मला वेळ नसे. भेटलो की मात्र कालच भेटल्यासारख्या. परवा सूनबाईला मी हे सांगू लागले तर ती म्हणाली, "आई, तुम्ही किती धाडसाचं काम केलंत नदीत." मी केलं खरं. पण आठवायला बसले की नदीपेक्षा मला ती शेडच जास्त आठवते. तिथं घाई नव्हती. एक वस्तू नीट होईपर्यंत कुणी उठत नव्हतं.

आणि एक दुपार आठवते, त्याच उन्हाळ्याच्या शेवटची.

शिरूरला डोळ्यांचं शिबिर भरलं होतं. आमच्या केंद्राच्या नर्सांना तिथं ड्यूटी. मी आप्पांचं नाव घातलं. म्हातारा तयार होईना. "आता काय बघायचंय मला?" म्हणायचा. इंदूनंच हाताला धरून आणलं. शस्त्रक्रिया झाली आणि काही दिवसांनी पट्टी काढायची पाळी आली. शाळेच्या वर्गात रांगेनं म्हातारे-म्हाताऱ्या बसलेल्या, ज्याचे त्याचे नातेवाईक समोर. मीच आप्पांची पट्टी सोडली, जाड भिंगाचा चष्मा चढवला. त्यांनी डोळे मिचकावले, पाणी आलं, पुसलं. समोर इंदू उभी होती, कौतुकानं, थोडी लाजून. सून घरात आल्यापासून त्यांनी तिचा चेहरा असा कधी बघितलाच नव्हता. मला वाटलं, आता ते तिच्या तोंडाकडे बघतील.

त्यांनी तिचा हात धरला. भिंगाजवळ नेला. पालथा केला, उताणा केला. मनगटापासून बोटांपर्यंत भाजल्याचे डाग होते, जुने काळे, नवे तांबूस. लेथवरून उडणारी तापलेली वेटोळी जिथं जिथं बसतात तिथं तिथं. ती वेटोळी आप्पांच्याही हातावर आयुष्यभर बसली होती, त्यामुळे त्यांना विचारावं लागलं नाही.

"एवढं भाजलंय?" ते म्हणाले. "मी बाजेवर बसून वरडायचो, अजून काढ, अजून काढ. तू एकदाबी बोलली न्हाईस."

इंदूनं हात ओढून पदराखाली घ्यायचा प्रयत्न केला.

"भाकरी करतानाबी भाजतंच की, आप्पा," ती म्हणाली.

आप्पांनी हात सोडला नाही.